व्यायाम थांबल्यानंतरचे पहिले मिनिट: नाडी किती लवकर उतरायला हवी?

गोगाबाबा_पायवाट (छत्रपती संभाजीनगर)

गेली तीन वर्षे मी पहाटे गोगाबाबा टेकडी चढतो. वय ५४, काम बैठे, रक्तदाब आजवर सामान्य, कोणतेही औषध चालू नाही. ही माहिती आधीच देतो, म्हणजे पुढची विचारपूस वाचेल. दिवाळीत मुलीने मनगटी घड्याळ भेट दिले आणि तेव्हापासून टेकडीवर माझ्याबरोबर एक परीक्षक येऊ लागला आहे. चढण संपून मी थांबलो की ते घड्याळ एक मिनिट मोजते आणि तेवढ्यात नाडी किती ठोक्यांनी उतरली तो आकडा दाखवते. एका सोमवारी तो आकडा २९ होता आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी १३, शिवाय त्याखाली ‘कमी’ असा शेरा. तीन दिवसांत हृदय इतके बिघडत नाही, एवढे मलाही कळते. पण तो शेरा वाचल्यावर दिवसभर माझे लक्ष छातीकडे जात राहिले, हेही खरे.

मग मी वही घातली. अठरा दिवसांच्या नोंदींत एका सर्वसाधारण दिवसाचे चित्र असे दिसते: माथ्यावर थांबलो त्या क्षणी १५०, एक मिनिटाने १२४, दोन मिनिटांनी ११०, पाच मिनिटांनी १०१, आणि टेकडी उतरून घरी येऊन खुर्चीत बसल्यावर, म्हणजे साधारण पाऊण तासाने, ८२. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी ६४ असते. म्हणजे पहिल्या मिनिटात २६ ठोके झरझर उतरतात आणि शेवटचे १८ ठोके पाऊण तास उलटला तरी रेंगाळतात. एकच हृदय एवढ्या दोन वेगळ्या चालींनी का चालते, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी गोष्ट १२ या आकड्याची. वाचनात असे आले की अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे २,४२८ लोकांची ट्रेडमिलवर तपासणी करून त्यांच्यावर सहा वर्षे लक्ष ठेवले गेले आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळले. वय, इतर आजार वगैरे सगळे हिशेबात धरल्यावरही ते सुमारे दुप्पट राहिले. माझा गुरुवारचा १३ त्या रेषेला अगदी खेटून होता. ही रेषा टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला लागू करावी का, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

चहाबाज (जालना)

गुरुवारी आपण वर पोहोचल्यावर काय केले होते, ते वहीत आहे का? मी धापा टाकत असताना फोनवर बोललो, तर माझे घड्याळही असाच शेरा मारते.

शरीरक्रिया_वर्ग (नांदेड)

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा जो गैरसमज दरवर्षी निस्तरावा लागतो, तिथूनच सुरुवात करते. बहुतेकांना वाटते की हृदयाची मूळची गती ६५-७० असते आणि व्यायामात तिला टोचून टोचून वाढवावे लागते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याला एसए नोड म्हणतात. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तो दाखवून दिला. हा पुंजका मज्जातंतूंच्या तावडीतून पूर्ण मोकळा केला, तर विशीतल्या माणसात तो आपल्या मर्जीने मिनिटाला शंभराच्या वर ठोके देतो. जोस आणि कॉलिसन यांनी प्रोप्रॅनोलॉल आणि ॲट्रोपिन ही दोन औषधे एकत्र देऊन दोन्ही प्रकारच्या मज्जातंतूंचा प्रभाव पुसून टाकला आणि १९७० मध्ये या मोकळ्या गतीचे सूत्र मांडले: ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करावी. धागाकर्त्यांच्या वयासाठी उत्तर साधारण ८७ येते. अंथरुणातली नाडी ६४ असेल, तर याचा सरळ अर्थ असा की कोणीतरी तेवीस ठोके सतत मागे ओढून धरले आहेत.

हे ओढून धरण्याचे काम व्हेगस हा मज्जातंतू करतो. तो मेंदूच्या तळातून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जातो. माझे वडील शेतकरी होते, त्यामुळे वर्गात मी कासऱ्याचे उदाहरण देते. तरणी बैलजोडी मुळातच पळायला उत्सुक असते; तिला पळवायचे तर गाडीवान पहिल्यांदा आसूड उचलत नाही, हातातला कासरा ढिला सोडतो. आपण चालू लागताच पहिल्या एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते, ती कासरा सुटल्यामुळे. गती शंभराच्या आसपास पोहोचेपर्यंत बराचसा खेळ याच ढिलाईचा असतो. त्याच्या वर जायचे तर मात्र अनुकंपी मज्जासंस्था (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे मज्जातंतू) आणि रक्तातले ॲड्रेनलिन यांचा आसूड लागतो.

आता उलटा प्रवास पाहा. आपण थांबता, तेव्हा ‘पाय चालव’ हा मेंदूचा हुकूम बंद होतो, आणि स्नायू-सांध्यांकडून हालचालीची जी वर्दी सतत वर जात असते, तीही बंद होते. या दोन गोष्टी क्षणार्धात घडतात आणि व्हेगसचा कासरा पुन्हा ताणला जातो. या मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते. त्याचा परिणाम एका ठोक्याच्या आत दिसू लागतो आणि तिथलेच एक विकर (एन्झाइम) ते लगेच नष्टही करते, म्हणून ही लगाम-व्यवस्था अतिशय चपळ आहे. आसुडाचे तसे नाही. अनुकंपी मज्जातंतूंतून स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा परिणाम चढायलाही काही सेकंद घेतो आणि ओसरायला त्याहून जास्त, आणि रक्तात मिसळलेले ॲड्रेनलिन निवळायला तर मिनिटे लागतात. त्यातच स्नायूंत साठलेली उत्सर्जिते, वाढलेले तापमान आणि घामातून गेलेले पाणी यांची भर पडते. आपल्या वहीतले पहिले २६ ठोके मुख्यतः कासऱ्याचे आहेत. शेवटचे रेंगाळणारे १८ या दुसऱ्या सगळ्या गोतावळ्याचे.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामानंतरच्या पहिल्या तीस सेकंदांचा उतार मोजला. ॲट्रोपिन देऊन व्हेगस अडवल्यावर तो उतार मंदावला. कसलेल्या खेळाडूंत हाच उतार सर्वांत तीव्र होता आणि ज्यांचे हृदय कमकुवत झाले आहे अशा रुग्णांत सर्वांत मंद. म्हणून पहिल्या मिनिटाचा आकडा हृदयाच्या ताकदीपेक्षा व्हेगसच्या तत्परतेबद्दल जास्त बोलतो, असे मी म्हणेन.

थोडे विषयांतर होते, पण राहवत नाही. व्हेगस हृदयाला मंद करतो हे वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवले होते. तो नेमका काय पाठवून मंद करतो, हे कळायला १९२१ उजाडले. ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उद्दीपित केला, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि ते दुसरे हृदयही मंदावले. दोन हृदयांमध्ये ना तार, ना तंतू. गेले ते फक्त पाणी. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रयोग सांगताना मागच्या बाकावरचे विद्यार्थीसुद्धा मान वर करतात.

भरती_मैदान (परभणी)

मॅडमचा प्रतिसाद आमच्या मैदानावर मोठ्याने वाचून दाखवला. मी शारीरिक शिक्षणाचा पदवीधर असून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव घेतो. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शेवटची रेषा ओलांडली की निम्मी पोरे आहे तिथेच बसतात किंवा गुडघ्यांवर हात टेकून खिळल्यासारखी उभी राहतात, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा एखादे पोर भोवळ येऊन पडते. घरचे म्हणतात, उपाशीपोटी धावला म्हणून. उपाशीपोटी धावणे वाईटच. पण भोवळीचे कारण बहुतेक वेळा दुसरे असते. धावताना पायांच्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त पिळून वर हृदयाकडे ढकलत असतात. पाय अचानक थांबले की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. म्हणून आमच्याकडे रेषेनंतर किमान चार-पाच मिनिटे चालणे सक्तीचे आहे, आणि जो बसेल त्याला जोडीदार उठवतो. प्रत्यक्ष भोवळ आलीच, तर मात्र त्याला उभे करू नये. आडवे झोपवून पाय उंच धरावेत.

नाडीचा दुसरा उपयोग आम्ही फेऱ्यांमधल्या विश्रांतीसाठी करतो. ४०० मीटरची एक फेरी झाल्यावर ठरावीक दोन मिनिटांनी सगळ्यांना पुन्हा पळवण्याऐवजी, ज्याची नाडी १२० च्या खाली येईल तो पुढच्या फेरीला उभा राहतो. कोणी सव्वा मिनिटात उभा राहतो, कोणाला तीन मिनिटे लागतात. सहा-आठ आठवडे नियमित सराव झाला की मागे राहणारे पोरही पुढे सरकते, आणि धावण्याची वेळ सुधारण्याआधी ही सुधारणा दिसते, असा माझा अनुभव आहे. एखादा गडी नेहमी दीड मिनिटात उतरतो आणि एके दिवशी तीन मिनिटे घेतो, तेव्हा मी त्याला विचारतो की रात्री किती वाजता झोपलास, अंगात कणकण आहे का. दहातून आठ वेळा काहीतरी निघतेच.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही त्यांच्यासाठी हार्वर्ड स्टेप टेस्ट अजूनही उत्तम आहे. १९४३ मध्ये ब्रूहा यांनी ती मांडली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस या लयीने पाच मिनिटे चढ-उतार करायची, मग बसून पहिले मिनिट सोडून द्यायचे आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटाच्या पहिल्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटात नाडी मोजायची. टिकलेले सेकंद गुणिले शंभर, भागिले त्या तिन्ही मोजण्यांच्या बेरजेची दुप्पट. पूर्ण ३०० सेकंद टिकलेल्या मुलाच्या नोंदी ७५, ६० आणि ५० असतील, तर बेरीज १८५ आणि गुणांक ८१ येतो, जो चांगला समजला जातो. ९० च्या वर उत्कृष्ट, ५५ च्या खाली कच्चा. मात्र ही चाचणी तरुणांसाठी बेतलेली आहे. पन्नाशीतल्या माणसाने वीस इंचांच्या बाकावर पाच मिनिटे उड्या मारून गुडघे दुखवून घेऊ नयेत.

मला मॅडमना एक विचारायचे आहे. मे महिन्यात आमच्या परभणीत सकाळी आठ वाजताच अंगाची लाही होते. त्या दिवसांत पहिल्या मिनिटाचा उतार फारसा बदलत नाही, पण नाडी शंभरावर येऊन अडकते ती अडकतेच. पोरे म्हणतात, सर, दम तर गेला, नाडी का जात नाही?

शरीरक्रिया_वर्ग (नांदेड)

आपल्या मुलांचे निरीक्षण अचूक आहे. दम हा श्वासाचा हिशेब आहे, आणि अडकलेली नाडी हा उष्णतेचा. शरीराचे आतले तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी साधारण सात ते दहा ठोक्यांनी वाढते. तापात हाच अनुभव येतो. उन्हात धावलेल्या मुलाचे आतले तापमान दीड-दोन अंशांनी चढलेले असू शकते, आणि ते स्नायू थांबल्याबरोबर उतरत नाही. ते उतरवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवत राहावे लागते, आणि घामामुळे रक्तातला द्रवच कमी झाला असल्याने दर ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्त घटते. ती तूट ठोक्यांची संख्या वाढवून भरून काढली जाते. सावली, वारा, मानेवर-हातांवर ओला पंचा आणि घोटाघोटाने पाणी यांनी ही दुसरी चाल लवकर संपते. मात्र सावलीत बसूनही मूल बरळू लागले, चालताना झोकांड्या देऊ लागले किंवा उलट्या करू लागले, तर नाडी मोजत बसू नये. अंगावर भरपूर पाणी ओतून त्याला थंड करायला लगेच सुरुवात करावी आणि तसेच दवाखान्यात न्यावे. तो उष्माघात असू शकतो.

बालाघाटची_लेक (बीड जिल्हा)

मी हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि खरे सांगायचे तर घाबरले आहे. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. काल संध्याकाळी ते शेताच्या बांधावरून नेहमीच्या चालीने फिरून आले, तेव्हा मी त्यांची नाडी मोजली. थांबल्यावर ९८ आणि एक मिनिटाने ८९. म्हणजे फरक फक्त ९. वर १२ ची रेषा वाचल्यापासून मला झोप नाही. अण्णांना मी अजून काही सांगितलेले नाही.

आकडेमोड (लातूर)

ताई, आधी थोडे शांत व्हा, कारण तुम्ही लावलेली रेषा इथे लागूच होत नाही. १२ हा आकडा ज्या लोकांवरून आला, त्यांना ट्रेडमिलवर अगदी थकेपर्यंत चालवले होते आणि थांबल्यावर मंद चालीने चालते ठेवले होते. ९८ पर्यंतच चढलेली नाडी पहिल्या मिनिटात पंचवीस ठोके उतरणार कुठून? उतरायला आधी चढावे लागते. त्यात मेटोप्रोलॉलचे कामच आसूड काढून घेण्याचे आहे, त्यामुळे शिखर मुळातच बुटके राहते.

धागाकर्त्यांसाठीही हेच सांगतो, की उतार मोजताना तुम्ही कोणत्या स्थितीत आहात याने आकडा बदलतो. व्यायामानंतर लगेच आडवे करून तपासलेल्या रुग्णांच्या एका नंतरच्या अभ्यासात १२ ऐवजी १८ ही रेषा धरावी लागली, कारण आडवे झाल्यावर पायांतले रक्त हृदयाकडे सहज परतते आणि नाडी अधिक वेगाने उतरते. चालत राहिलात तर सर्वांत हळू उतरते. तेव्हा घड्याळ ‘कमी’ म्हणते, ते कोणत्या स्थितीच्या मानाने, हे ते सांगत नाही. मला या शेऱ्यांचा मनापासून राग आहे. ज्या यंत्राला तुम्ही उभे आहात की बसलात याचा धड पत्ता नसतो, त्याने गुणपत्रिका वाटू नये.

मोजण्यातली चूकही लक्षात घ्या. हाताने १५ सेकंद मोजून चाराने गुणले, तर एक ठोका इकडे-तिकडे झाला तरी उत्तरात चारचा फरक पडतो. सहा सेकंद मोजून दहाने गुणणारे तर दहाचा फरक खिशात घालून फिरतात. शिवाय थांबल्यावर पहिले १५ सेकंद मोजण्यात गेले, तर त्या काळात नाडी उतरायला लागलेलीच असते. म्हणून शिखर खोटे कमी दिसते आणि उतारही कमी दिसतो. अंगठ्याने मोजू नका, कारण त्याला स्वतःची नाडी असते; तर्जनी आणि मधले बोट वापरा. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजते. पट्टा सैल असेल, हात झुलत असेल किंवा थंडीने मनगट गार पडले असेल, तर ते चुकते, आणि अचानक बदल झाला की काही सेकंद मागेही राहते. छातीवर बांधून नाडी मोजणारा पट्टा यापेक्षा बराच भरवशाचा.

शरीरक्रिया_वर्ग (नांदेड)

आकडेमोड यांचे म्हणणे बरोबर आहे. ताईंसाठी त्यात थोडी भर घालते. तो ९ निदान म्हणून वाचू नये, पण अण्णांचा चौदा वर्षांचा मधुमेह मात्र दुर्लक्षित करू नये. दीर्घकाळ साखर जास्त राहिली की लांब मज्जातंतूंना आधी इजा होते. पायांना मुंग्या येतात त्या याचमुळे, आणि आतल्या अवयवांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमध्ये व्हेगस सर्वांत लांब आहे. त्याला इजा झाली तर विश्रांतीतली नाडी वाढलेली राहते आणि व्यायामानंतर ती सावकाश उतरते. मात्र हे घरी नाडी मोजून ठरत नाही. पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा त्यांना उभे राहताना अंधारी येते का, जेवल्यावर पोट लवकर भरते का, पायांची आग होते का, हे डॉक्टरांना सांगा आणि झोपून व उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब तपासायला सांगा. मेटोप्रोलॉल स्वतःच्या मनाने बंद करू नका; ते अचानक बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. आणि चालताना छातीत दाब येणे, घाम फुटणे, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. मधुमेहात छातीतले दुखणे फारसे जाणवतही नाही, नुसती धाप लागते, हेही ध्यानात असू द्या.

मोळीवाला (केज)

आमच्या घरातले बरेच जण दरवर्षी ऊसतोडीला जातात. काका पहाटे तीनला उठून कोयता धरतात आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाची नाडी तुमच्या खेळाडूंसारखी पन्नासावर यायला पाहिजे. ते झोपेतून उठल्यावर मी त्यांची मोजली तर ८४. मग मेहनतीचा फायदा कुठे गेला?

शरीरक्रिया_वर्ग (नांदेड)

आपला प्रश्न मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळाडूचे हृदय व्यायामाने जितके घडते, तितकेच व्यायामानंतरच्या विश्रांतीने आणि अन्नाने घडते. तिथे तासाभराच्या धावण्यानंतर तेवीस तास आहेत. काकांना अपुरी झोप, दिवसभराचे ऊन आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा कोयता. डोक्यावर जड ओझे तोलताना मान, खांदे आणि कंबर यांचे स्नायू आवळून धरलेले असतात. अशा आवळलेल्या कामात रक्तदाब जास्त चढतो आणि धावण्या-पोहण्यात हृदयाला जसे वळण लागते तसे लागत नाही. काका तंबाखू खात असतील, तर निकोटीनने नाडी वाढते. रक्त कमी असेल तरीही वाढते. बायकांमध्ये हे दुसरे कारण फार आढळते, आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर दोन्ही एकत्र येतात. हंगाम संपवून गावी आल्यावर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि आठ-दहा दिवस पुरेशी झोप झाल्यावर नाडी पुन्हा मोजावी.

मोळीवाला (केज)

तंबाखू खातात. काकू मिश्री लावते. दोघांचेही रक्त तपासून घेतो.

भरती_मैदान (परभणी)

मॅडम, भरतीच्या मैदानावरही काही पोरे तंबाखूची पुडी खिशात घेऊन येतात. उद्यापासून आधी खिसे तपासतो, मग नाडी.

गोगाबाबा_पायवाट (छत्रपती संभाजीनगर)

उशिराबद्दल क्षमस्व, तीन आठवडे मुद्दाम थांबलो होतो. चहाबाज यांचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला होता, पण वही उघडून पाहिली तर त्या १३ च्या गुरुवारी मी वर पोहोचल्यावर थांबलोच नव्हतो. एक जुने स्नेही भेटले आणि आम्ही बोलत बोलत माथ्यावर फिरत राहिलो. २९ च्या सोमवारी मी दगडावर आडवा पडून आकाश पाहत होतो.

मग एकाच चढणीवर, शक्यतो एकाच वेगाने आणि छातीचा पट्टा उसना घेऊन, तीन प्रकारे मोजले. प्रत्येक प्रकार पाच-पाच दिवस. आडवा झालो तेव्हा पहिल्या मिनिटाचा उतार २८ ते ३४ च्या दरम्यान राहिला, स्वस्थ उभा राहिलो तेव्हा २१ ते २६, आणि हळूहळू चालत राहिलो तेव्हा १४ ते १९. स्वस्थ उभे राहण्याच्या पाचपैकी दोन दिवशी किंचित गरगरल्यासारखे झाले, म्हणजे भरती_मैदान यांच्या मुलांना जे होते ते मला चोपन्नाव्या वर्षी अनुभवायला मिळाले. आता मी चालत राहतो आणि आकडा लहान येतो, तो तसाच लिहितो. घड्याळातली शेरा दाखवण्याची सोय मुलीकडून बंद करून घेतली आहे.

रेंगाळणाऱ्या १८ ठोक्यांचाही थोडा उलगडा झाला. घरी येताच चहा घेतला, तर नाडी सत्तरीत यायला तासाहून जास्त वेळ लागला. आधी दोन भांडी पाणी पिऊन अर्धा तास पंख्याखाली बसलो, तेव्हा चाळीस मिनिटांत ७१ झाली. एका रात्री लग्नाच्या वऱ्हाडातून दोन वाजता परतलो आणि हट्टाने पहाटे टेकडी चढलो. त्या दिवशी अंथरुणातलीच नाडी ७२ होती आणि दुपारपर्यंत ती सत्तरीच्या खाली आली नाही.

आकडेमोड (लातूर)

पाच-पाच दिवसांच्या नोंदींवरून मी मोठे विधान करणार नाही, पण तिन्ही प्रकारांचे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत, हे लक्षणीय आहे. तापमानाचा रकाना वहीत घातला असता तर बरे झाले असते.

गोगाबाबा_पायवाट (छत्रपती संभाजीनगर)

घातला आहे. पहाटे १९ ते २३ अंश. मे महिन्याच्या नोंदी अजून व्हायच्या आहेत.

बालाघाटची_लेक (बीड जिल्हा)

अण्णांना घेऊन गेले होते. शेवटी त्यांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, उलट नाडी कशी मोजायची ते माझ्याकडून शिकून घेतले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक आहे. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे झोपून आणि उभे राहून रक्तदाब घ्यायला सांगितले, तर उभे राहिल्यावर वरचा आकडा २४ ने खाली आला. पहाटे उठताना अंधारी येते हे अण्णा दोन वर्षे कोणाला बोललेच नव्हते. मज्जातंतूंची आणखी एक तपासणी पुढच्या महिन्यात आहे. गोळी तीच ठेवली आहे. तोपर्यंत बाजेवरून एकदम उठायचे नाही, आधी पाय खाली सोडून दोन मिनिटे बसायचे, असे सांगितले आहे. ती दोन मिनिटे अण्णा आता नाडी मोजण्यात घालवतात आणि आकडा मला स्वयंपाकघरात ओरडून सांगतात. आज सकाळी ७६ होता.